येथे नाव खराब करून मिळेल

आधीच सांगते, मी रिटायर वगैरे झालेली नाहीये. वय चौतीस. पण सतराव्या वर्षी टाइपरायटरसमोर बसले ती बसलेच, म्हणजे अर्धं आयुष्य गेलं की नाही यात? संपादकांना म्हटलं, आठवणी फक्त पेन्शनवाल्यांनीच लिहायच्या असा काही जीआर आहे का? ते म्हणाले, नाही, लिहा, फक्त थोडक्यात लिहा. तेवढं एक जमणार नाही. माझी बोटं डोक्याच्या पुढे पळतात. या एका खोडीने मी एकदा केवढा घोळ घातला होता, तेच तर सांगायचंय!

तर आमची टपरी. नाशकातल्या एका सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली, आप्पांची. आप्पा मालक, मी टायपिस्ट. पत्र्याचं छप्पर, एक बाकडं, दोन टाइपरायटर, आणि माझा उजवा अंगठा कार्बन पेपरने कायम काळा. मिनिटाला साठ शब्द! गिऱ्हाईक बाकड्यावर टेकायला लागलं की आप्पा म्हणायचे, "बसू नका, होतंय."

बाहेरच्यांना वाटतं टायपिंग म्हणजे बोटांचं काम. छे हो, कानांचं काम! माणूस येतो, म्हणतो, "ताई, एक अर्ज करा." कसला? "करा ना, ते आत मागतात तो." मग त्याच्या पोटात शिरून काढायचं की याला जमीन नावावर करायचीय, का पोरीचा दाखला हवाय, का नुसतंच भावावर रागावलाय. आणि अर्ज कसलाही असो, वर तीन चौकोन ठरलेले. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. त्या तीन चौकोनांत अख्खा नाशिक जिल्हा मावतो असा माझा समज होता.

तो समज मोडला मंगोलियाने.

पण त्याच्याआधी खिडकी नंबर तीन. जन्ममृत्यूची खिडकी. तिथे यू. के. सोनवणे भाऊसाहेब. यू. के. म्हणून सगळे मागे त्यांना 'लंडन' म्हणायचे. "लंडन चालू आहे का?" "लंडन जेवायला गेलंय." मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, बोलणं कमी, आणि काम इतकं सावकाश की लोणचं आधी मुरेल, अर्ज नंतर. एकेक अक्षर शाईने कोरायचे. मी चार अर्ज टाइप करून, चहा पिऊन, पाचवा घेऊन आत जावं, तर भाऊसाहेब अजून पहिल्याच अर्जातल्या 'चिरंजीव'च्या वेलांटीवर! मी टपरीवर त्यांची नक्कल करून दाखवायचे. लोक हसून लोटपोट. आणि यू म्हणजे काय यावर आमच्या पैजा लागायच्या. आप्पा म्हणायचे उत्तम. मी म्हणायचे उल्हास, कारण उल्हास त्यांच्यात औषधालाही नव्हता. कुणी विचारलंच तर भाऊसाहेब चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "पुढचा."

आता ल्हाग्वा डॉक्टर. दोन हजार सालाच्या अलीकडची-पलीकडची गोष्ट. हा मंगोलियाहून आपल्याकडे आयुर्वेद शिकायला आलेला, सोबत बायको ओयुना. पहिल्यांदा आला तो खोलीचा भाडेकरार करायला. हिंदी चांगलं शिकला होता. मी विचारलं नाव, तो म्हणाला, "दोर्जीन ल्हाग्वा." म्हटलं, म्हणजे नाव दोर्जीन? "नहीं नहीं, नाम ल्हाग्वा. दोर्ज पिताजी." दोर्जीन ल्हाग्वा म्हणजे दोर्जचा ल्हाग्वा. वडील आधी, पोरगा नंतर. मला गंमतच वाटली, कारण आमच्या खेड्यात पोराला विचारलं "कोणाचा रे तू?" की ते म्हणतं "गणपाचा बाळू." तस्संच! फक्त हे सरकारी कागदावर.

"आणि आडनाव?"

"नहीं है."

"घरी राहिलं का?"

तो हसला. म्हणाला, पुरे देश में नहीं है. म्हणजे पूर्वी कुळांची नावं होती, पण क्रांती झाल्यावर सरकारने ती बंदच केली, आणि दोन-तीन पिढ्यांत लोक विसरूनही गेले. आता नवं सरकार म्हणतंय, शोधा आपापलं कुळ. कुठून शोधणार? मग जो तो उठून चंगीजखानाचं कुळ लावतोय! आप्पा इतके खूश झाले. "आपल्याकडंबी तेच! कुळ शोधायला बसलं की प्रत्येकाचा पणजोबा सरदारच निघतो. पखाल वाहणारा कोणाचाच नाही."

मी म्हटलं, ल्हाग्वा म्हणजे काय? तो म्हणाला, "बुधवार." बुधवारी जन्मला म्हणून बुधवार, शब्द मूळचा तिबेटी. हे ऐकायला बाकड्यावर कोण बसलेलं असावं? पेठ बाजूच्या डोंगरातला बुधा! दर दोन महिन्यांनी वनजमिनीचा तोच अर्ज घेऊन येणारं आमचं जुनं गिऱ्हाईक. तो ताडकन उठला.

"काय म्हनला ह्यो? बुधवारचा?"

"हो."

"म्हंजी ह्यो बी बुधाच की!" त्याने डॉक्टरचा हात धरला. "माझा भाऊ शुक्र्या, बहीण मंगळी. तुझ्यात कोन कोन?"

मी भाषांतर केलं. डॉक्टर म्हणाला, भाऊ दावा, म्हणजे सोमवार. बहीण ब्याम्बा, शनिवार. बुधाने बोटं मोजली. "तुझी शनि, माझी मंगळी, दोन्हीकडं बहिनीच कडक!" मग दोन बुधवारांनी एका बशीतून चहा प्यायला. पुढे जेव्हा जेव्हा बुधा यायचा तेव्हा पहिलं विचारायचा, "आमचा परदेशी काय म्हनतोय?"

मग तर मला नादच लागला. डॉक्टर दिसला की मी प्रश्न तयार ठेवायचे. त्याने वापरलेल्या कागदाच्या पाठीवर त्यांची जुनी लिपी लिहून दाखवली. आईशप्पथ, वरून खाली! द्राक्षाचे घड मांडवाला लोंबतात ना, तसे शब्द लोंबत होते. चंगीजखानाच्या काळात उइगुर नावाच्या लोकांकडून ती लिपी त्यांनी घेतली, आणि पुढे, म्हणजे साधारण माझी आजी लग्न होऊन आली त्या सुमाराला, त्यांच्याकडे रशियन अक्षरं आली. तो स्वतः शाळेत रशियन अक्षरंच शिकला, ही लोंबणारी मोठेपणी शिकला. आप्पा म्हणाले, "ही टाइप करायची तर मशीन आडवी झोपवावी लागंल."

आणि सगळ्यात भारी म्हणजे ग्रहांची नावं! आदिया, सुमिया, अंगारग, बुद, बार्हासबादि, सुगार, सांचिर. हळू वाचा परत. आदित्य, सोम, अंगारक, बुध, बृहस्पती, शुक्र, शनैश्चर! बौद्ध पोथ्यांबरोबर आपले शब्द वाळवंट ओलांडून तिकडे गेले आणि तिथे पोरांची नावं होऊन बसले. आप्पांनी भिंतीवरचं पंचांग काढून त्याच्या हातात ठेवलं.

इथून पुढे माझा घोळ.

ओयुनाला मुलगा झाला. मंगळवारी. त्यात संकष्टी! मी टपरीतून ओरडलेच, "अंगारकी! अंगारक ठेवा नाव!" डॉक्टर म्हणाला, अंगारग तो हमारे यहाँ भी अच्छा नाम है. झालं. त्याने हो म्हणेपर्यंत माझा जन्मनोंदीचा अर्ज टाइप होऊन बाहेर. दोन मिनिटं. बाळाची आई ठेव म्हणते का, हे विचारायला तिसरं मिनिट लागलं असतं. ते मी लावलं नाही.

बाराव्या दिवशी दोघं बाळाला घेऊन आले. बाळ वजनाला कमी, मूठभर. ओयुना बाकड्याच्या टोकाला गप्प बसलेली. तिला हिंदी चार शब्द. बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर काळं काहीतरी फासलेलं. मला वाटलं स्टोव्हची काजळी लागली असेल. मी आपली पुढे होऊन रुमालाने पुसून टाकली! ओयुनाने असा श्वास घेतला की जणू मी बाळाला चिमटा काढला. मला कळलं नाही. मी बाळाला उचललं आणि रांगेतल्या सगळ्यांना दाखवत सुटले. "बघा तरी! केवढं सुंदर! अंगारक नाव आहे, अंगारकीला झालाय!" रांगेतल्या बायका एकेक करून, "गोरापान हो!" "डोळे बघा!" आप्पांनी पेढे वाटले. जितकं कौतुक तितकी ती आई आक्रसत चाललेली, आणि मी म्हणतेय, लाजरी आहे बिचारी!

अर्ज गेला खिडकी नंबर तीनला. आला परत. "आडनाव?" मी आडनावाच्या जागी बापाचं नाव टाकून परत दिला. भाऊसाहेबांनी पाच मिनिटं वाचला.

"पोराचं आडनाव ल्हाग्वा. बापाचं दोर्ज. आईचं गानबोल्ड. घर एक, माणसं तीन, आडनावं तीन. मंजूर कसं करू?"

"अहो भाऊसाहेब, त्यांच्यात तसंच असतं!"

"असेल. कुळाचं नाव आणा."

डॉक्टरने एसटीडीवरून वडिलांना फोन केला. वडील म्हणाले, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कळवतो. म्हातारे उन्हाळी कुरणावर गुरं घेऊन गेलेले. अर्ज राहिला भाऊसाहेबांच्या दप्तराच्या फडक्यात बांधून. मी टपरीवर बोंबलत होते, "लंडन काय करेल नेम नाही! दोन मिनिटांचं काम, दोन आठवडे!"

एका शनिवारी कचेरी बंद व्हायला तासभर असताना ओयुना एकटी धावत आली. केस सुटलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. बाळ दवाखान्यात. चार दिवस ताप, छाती भरलेली, काचेच्या पेटीत ठेवलेलं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली,

"दीदी, नाम खराब करो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. ती बोटं दाखवत म्हणाली, "पहला बेबी. अच्छा नाम. गया." दुसरं बोट. "दूसरा बेबी. बहुत अच्छा नाम. गया." मग माझ्या टाइपरायटरवर तळहात ठेवला. "ये बेबी, खराब नाम. अभी."

तिच्या मागोमाग डॉक्टर आला, धापा टाकत. खाली बघून म्हणाला, "मैं डॉक्टर हूँ. ये सब मैं नहीं मानता." मग बायकोकडे बघितलं. "मगर आप टाइप करो."

मग त्याने सांगितलं. त्यांच्याकडे ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे नाव मुद्दाम वाईट ठेवतात. न्यायला जे येतं त्याला फसवायला. तेरबिश, म्हणजे 'ते नव्हे'. ह्युनबिश, 'माणूसच नव्हे'. नेरगुई, 'नाव नाही'. एखादा तर चक्क 'वाईट कुत्रा'! पोर आजारी पडलं की चांगलं नाव बदलूनही टाकतात. मुलगा असला तर मुलीचे कपडे घालतात. बाहेर नेताना नाकाला काजळी लावतात, म्हणजे येणाऱ्याला वाटावं, हे पोर नाही, ससा आहे. आणि बाळाचं कौतुक? कुणी करायचंच नाही. भेटायला येणारा म्हणतो, शी, काय घाण!

मी यंत्रावरची बोटं काढून घेतली. कारण हे मला माहीत होतं हो! आमच्याच गल्लीत दगडू होता, धोंडू होता, केरू होता. नाक टोचलेला नथू होता. माझ्या आईने मला तीट लावल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही. आणि मी? त्या माउलीने लावलेलं काजळ रुमालाने पुसून, पोराला शंभर माणसांच्या नजरेसमोर फिरवून, वर नाव ठेवून मोकळी! दृष्टबिष्ट खरी की खोटी, मला नाही माहीत. पण आईला एकदा विचारायचं असतं, एवढं तरी माहीत असायला पाहिजे होतं.

"कौनसा नाम?"

"एनेबिश," ओयुना म्हणाली. म्हणजे, 'हे नव्हे'.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा सावकाश टाइप केलं. एकेक अक्षर. एकही खोडायला नको म्हणून बोटं धरून धरून. आप्पा घड्याळाकडे बघत होते.

खिडकी नंबर तीन. भाऊसाहेब फडकं बांधायला लागलेले.

"भाऊसाहेब, त्या परदेशी बाळाचं नाव बदलायचंय."

"सोमवारी या."

"सोमवारपर्यंत नाही थांबता येणार."

"नाव काय पळून चाललंय?" त्यांनी कागद घेतला. "एनेबिश. अर्थ काय याचा?"

मी इतकी वर्षं त्या खिडकीत अर्ज सरकवतेय, त्यांनी कुणाच्या नावाचा अर्थ विचारलेला मी ऐकला नव्हता. मी सांगितला. का ठेवतात तेही सांगितलं. काजळाचं सांगितलं, मी ते पुसल्याचंही सांगितलं. रडायलाच आलं मला तिथे. भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. गजातून बाहेर ओयुनाकडे बघितलं.

"आधीची किती?"

"दोन."

त्यांनी फडकं सोडलं, मोठं रजिस्टर काढलं, पान उघडून माझ्याकडे फिरवलं. नावाचा रकाना कोरा! आडनावावाचून नोंद अडकली होती ना.

"तुझ्यासारखा सुटलो असतो, तर आता 'अंगारक' पक्का झाला असता. मग फिर दहा टेबलं."

"आणि आडनाव?"

त्यांनी आडनावाच्या रकान्यात पट्टी लावून आडवी रेघ मारली. "नाही तर नाही. कुणाचा जीव आडनावात नसतो." आणि मग लिहिलं, एनेबिश. पाच मिनिटांत शिक्का मारून कागद बाहेर. खिडकीवाले इतर कारकून उठून बघायला लागले, लंडनला झालं काय म्हणून.

ओयुनाने तो कागद घेतला आणि दवाखान्याकडे पळाली. पेटीच्या काचेला लावून ठेवला म्हणे, लेखी पुरावा!

नवव्या दिवशी बाळाचा ताप पूर्ण उतरला. डॉक्टर म्हणाला इंजेक्शनं लागू पडली. ओयुना म्हणाली नाव लागू पडलं. बुधा त्या दिवशी आला होता, तो म्हणाला, "दोन बैलं जुपली व्हती, गाडी निघाली. कोनता बैल वढला इचारू नये."

महिनाभराने ते परत जायला निघाले. बाळाच्या प्रवासाच्या कागदांसाठी दाखल्याची इंग्रजी प्रत हवी होती, आणि तिच्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पूर्ण नाव. इनिशियल चालणार नाही, असं वरून सांगितलेलं. मी कागद यंत्रात चढवून बसले आणि खिडकी नंबर तीनला निरोप पाठवला. तर काय, भाऊसाहेब स्वतः टपरीवर! खिडकी सोडून बाहेर आलेले मी पहिल्यांदाच बघत होते. आप्पा चहा सांगायला गेलेले. भाऊसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातून चिठ्ठी काढली आणि पालथी घालून माझ्यापुढे सरकवली.

मी उलटवली. उखर्डू केदा सोनवणे.

बागलाणाबाहेरच्यांसाठी सांगते. उखर्डू म्हणजे उकिरड्यावरचा. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे नवं पोर जन्मलं की उकिरड्यावर टेकवतात. मग शेजारीण येते, "कोणी टाकलं गं हे?" म्हणत उचलून आईच्या ओटीत घालते. टाकलेलं पोर कोण न्यायला येईल?

आप्पांचा उत्तम, माझा उल्हास, दोन्ही पैजा बुडाल्या.

"आधीची किती?" मी विचारलं.

"तीन," ते म्हणाले. मग माझ्या काळ्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "माय म्हणायची, नावानं तुला वाचवलं. शाळेत पोरं हसायची तेव्हा वाटायचं, कशाला वाचवलं."

मी टाइप केलं. त्यांच्याएवढंच सावकाश. आणि टपरीवर कुणाला, अगदी आप्पांनाही, बोलले नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने! आता ते रिटायर झालेत, हे लिहायच्या आधी नामपूरला जाऊन विचारून आले. म्हणाले, "टाक. आणि पूर्ण नाव टाक, इनिशियल नको."

निघायच्या दिवशी ओयुना बाळाला घेऊन आली. गुटगुटीत! माझ्या तोंडात 'किती गोड' अगदी जिभेवर आलं होतं, मी ते पेढ्यासारखं गिळलं. बाळाचं नाक स्वच्छ होतं. तिने ते माझ्यापुढे धरलं, आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. मी कार्बनचा अंगठा नाकाच्या शेंड्यावर टेकवला. झाला ससा.

मग आम्ही खिडकी नंबर तीनला गेलो. भाऊसाहेब उठून उभे राहिले, गजातून वाकून बाळाकडे नीट बघितलं आणि अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या अहिराणीत म्हणाले,

"आरे, काय घाणेरडा पोऱ्या शे हाऊ! याले कोन लई जाई?"

रांगेतल्या एका बाईने तर 'अगं बाई' म्हणून तोंडाला पदर लावला. ओयुनाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोलते हैं, बहुत गंदा बच्चा है, इसको कोई नहीं ले जाएगा."

तिचा चेहरा असा उजळला म्हणता! तिने पिशवीतून निळं रेशमी वस्त्र काढलं. त्यांच्याकडे मोठ्या मानाच्या माणसाला देतात ते. दोन्ही तळहातांवर पसरून, मान वाकवून, गजाच्या फटीतून पुढे केलं. भाऊसाहेबांनी तेवढ्याच हळू ते घेतलं आणि गळ्यात घातलं. दिवसभर काढलं नाही. निळं रेशीम गळ्यात आणि पुढ्यात जन्ममृत्यूचं रजिस्टर.

दुपारी रांगेतल्या एकाने विचारलंच, "भाऊसाहेब, सत्कार झाला वाटतं? कशाचा हो?"

भाऊसाहेबांनी हातातलं अक्षर पुरं केलं, वेलांटी दिली, मग वर बघितलं.

"नावाचा," ते म्हणाले. "पुढचा."